कुरवांची भांडणं पाहणारा शास्त्रज्ञ

हिवाळ्यात गेटवेहून मांडव्याला लाँचने निघालं, की मागे पांढऱ्या पक्ष्यांचा थवा लागतो. प्रवासी वेफर्स आणि गाठ्या भिरकावतात, पक्षी ते हवेतच झेलतात. एकाच्या चोचीतला तुकडा दुसरा हिसकावतो, तिसरा दोघांच्या अंगावर धावून जातो. आपण ज्यांना सरसकट ‘सीगल’ म्हणतो, ते हे कुरव. (तळलेले, खारट पदार्थ त्यांना घालू नयेत, हे डॉक्टर म्हणून इथेच सांगून टाकतो.) डेकवरचा प्रत्येक मोबाइल त्या वेळी वर असतो. फोटो झकास येतात, पण त्या झटापटीत नेमकं काय घडलं असं विचारलं, तर सांगता येत नाही.

ते सांगता यावं म्हणून एका माणसाने वर्षानुवर्षं वाळूत बसून काढली. पुढे त्याला नोबेल मिळालं आणि तेही चक्क वैद्यकशास्त्राचं. त्यांचं नाव निको टिनबर्गेन.

१५ एप्रिल १९०७ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात त्यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते तिसरे. थोरले भाऊ यान अभ्यासू; त्यांना १९६९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निकोंचं मन मात्र वर्गात रमत नसे. हॉकी, समुद्रकिनारा, वाळूच्या टेकड्या आणि पक्षी हे त्यांचं जग होतं. १९२५ मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या रोसिटन इथल्या पक्षी-निरीक्षण केंद्रात काही काळ राहिल्यावर जीवशास्त्र शिकायचं हे पक्कं झालं आणि ते लायडन विद्यापीठात दाखल झाले. डॉक्टरेटसाठी त्यांनी मधमाश्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीचा अभ्यास केला. वाळूतल्या बिळाभोवती पाइनच्या फळांचं कडं मांडायचं आणि माशी बाहेर गेली की ते थोडं सरकवायचं. परतलेली माशी शेजारचं खरं बीळ सोडून कड्याच्या मधोमध उतरे. घराची खूण ती डोळ्यांनी लक्षात ठेवते, हे एवढ्या साध्या युक्तीने सिद्ध झालं. हा प्रबंध जेमतेम ३२ पानांचा होता. त्याच वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी एलिझाबेथ रुटन यांच्याशी लग्न केलं आणि नवं जोडपं वर्षभरासाठी थेट ग्रीनलँडच्या बर्फात पक्षी पाहायला गेलं.

त्यांचा खरा जीव मात्र कुरवांवर. डच किनाऱ्यावर हेरिंग गल जातीच्या कुरवांच्या मोठ्या वसाहती असतात. तिथे कापडी आडोशात बसून टिनबर्गेन तासन् तास टिपणं काढत, फोटो घेत. पक्षी ओळखू यावेत म्हणून त्यांच्या पायात रंगीत कडी घालत. त्या काळातले कॅमेरे जड, फिल्म मोजकी. त्यामुळे बटण दाबण्याआधी पुढे काय होणार, याचा अंदाज यावा लागे. आणि तो येण्यासाठी पक्षी नीट पाहिलेला असावा लागे.

त्यांना काय दिसलं? कुरवांच्या बहुतेक भांडणांत मारामारी होतच नाही. खाद्यावरून असो वा घरट्याच्या हद्दीवरून, चिडलेला कुरव आधी मान ताठ उंचावतो, चोच खाली झुकवतो आणि पंखांचे सांधे अंगापासून थोडे सुटे करतो. वरून चोच मारायची आणि पंखाने फटकारायचं, या हल्ल्याची ही पहिली पायरी. ती तिथेच थबकते. समोरच्याला एवढा इशारा पुरतो आणि तो मान आखडून बाजूला होतो. दोघेही तुल्यबळ असले आणि हद्दीवरच समोरासमोर आले, तर पुढे जाववत नाही आणि मागेही फिरवत नाही. मग ते पायाखालचं गवत चोचीत धरून जोरजोरात उपटत राहतात. राग आणि भीती एकाच वेळी मनात असली की असं होतं, असा अर्थ टिनबर्गेन यांनी लावला. एक आव दुसऱ्यात कसा बदलतो हे डोळ्यांना पटकन कळत नाही. एकापाठोपाठ काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले की कळतं.

खाण्याचा झगडा वसाहतीत पिल्लांपर्यंत पोहोचतो. पिल्लू आईबापाच्या पिवळ्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचतं, तेव्हा त्याला घास मिळतो. टिनबर्गेन यांनी पुठ्ठ्याची डोकी बनवून दाखवलं, की ठिपका नसेल तर पिल्लू फारसं मागतच नाही. याच वसाहतीत शेजाऱ्याचं अंडं किंवा चुकार पिल्लू हाही घासच असतो. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या काळ्या डोक्याच्या कुरवांच्या जातीवर त्यांनी पुढे इंग्लंडमधल्या रेव्हनग्लास इथे काम केलं. पिल्लू बाहेर आलं की आईबाप फुटकं कवच उचलून लांब टाकतात. कवचाची पांढरी कड डोमकावळ्यांना आणि मोठ्या कुरवांना घरट्याचा पत्ता देते. कवच जितकं जवळ, तितकी लूट जास्त. मग हे काम ताबडतोब का होत नाही? कारण ओलं, लिबलिबीत पिल्लू शेजारी पटकन गिळतो. पिल्लू वाळून मऊ पिसांचं होईपर्यंत राखणीला थांबणंच फायद्याचं ठरतं.

मधल्या काळात युद्ध आलं. नाझींनी लायडन विद्यापीठात हात घातल्याच्या निषेधार्थ अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. त्यांत टिनबर्गेनही होते. १९४२ पासून दोन वर्षं ते ओलीस म्हणून छावणीत होते. कधीही गोळी घातली जाईल अशा त्या दिवसांत त्यांनी आपल्या मुलांसाठी गोष्टी लिहिल्या; त्यातल्या एकीचा नायक कुरव होता. १९४९ मध्ये ते ऑक्सफर्डला गेले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. कुरवांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक १९५३ मध्ये आलं.

१९६३ मध्ये त्यांनी कोणत्याही वर्तनाला विचारायचे चार प्रश्न मांडले. हे आत्ता कशामुळे घडलं? या जिवाच्या आयुष्यात ते कसं घडत गेलं? जगण्यासाठी त्याचा उपयोग काय? आणि पूर्वजांपासून ते कसं उत्क्रांत झालं? लाँचमागच्या कुरवाने मान का उंचावली, याला चार वेगळी उत्तरं आहेत आणि चारही खरी असू शकतात. वैद्यकशास्त्रातही हे प्रश्न कामाला येतात. ताप जंतूंमुळे येतो, हे एक उत्तर झालं. शरीराने तापण्याची ही क्षमता जपलीच का, हा वेगळा प्रश्न आहे.

१९७३ मध्ये कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह टिनबर्गेन यांना नोबेल मिळालं. इथून पुढचा भाग मला डॉक्टर म्हणून टाळता येत नाही. स्वमग्न मूल लोकांपासून दूर का राहतं, याचं उत्तर त्यांनी आणि एलिझाबेथ यांनी कुरवांच्या हद्दीवर शोधलं. जवळ जावंसं वाटणं आणि भीती, या ओढाताणीत मूल अडकलेलं आहे. त्याला कारण भोवतालचा ताण आणि पालकांशी बिनसलेलं नातं आहे. आईने मुलाला घट्ट धरून ठेवलं तर ते बरं होऊ शकतं, असं त्यांनी १९८३ च्या पुस्तकात सुचवलं. तज्ज्ञांनी ते स्वीकारलं नाही आणि ते योग्यच झालं. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि ती पालकांच्या वागण्याने होत नाही. मुलाला बळजबरीने जखडून ठेवणं हा उपचार नव्हे. तरीही आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आया आजही डोळे पुसत विचारतात, माझं काय चुकलं? काही चुकलं नाही, हे मला प्रत्येकीला सांगावं लागतं.

कुरवांबाबत टिनबर्गेन यांनी घाई कधी केली नव्हती. एक शंका आली की पुठ्ठा कापून प्रयोग करायचा, कवच कधी जवळ तर कधी लांब ठेवून मोजायचं, मगच बोलायचं. मुलांबाबत मात्र दिसलेल्या साम्यावर त्यांनी विश्वास ठेवला आणि पडताळणी मागे राहिली. नैराश्याच्या आजाराशी आयुष्यभर झुंजलेल्या या माणसाला दुसऱ्याच्या दुःखावर लवकर इलाज सापडावा असं वाटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पण चांगला हेतू पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. २१ डिसेंबर १९८८ रोजी ऑक्सफर्डला त्यांचं निधन झालं.

पुढच्या वेळी मांडव्याला जाताना गाठ्यांची पुडी बॅगेतच राहू द्या. एकच कुरव निवडा आणि पाच मिनिटं फक्त त्याच्याकडे पाहा. मान कधी उंचावते, कोण माघार घेतं, हे दिसू लागलं की मग मोबाइल काढा. रुग्ण तपासतानाही आम्हाला हेच शिकवलेलं असतं: आधी पाहा, मग हात लावा आणि निदान सर्वांत शेवटी.