हगिन्स आणि हॉर्मोनचा स्विच
बायोलॉजीला मी दहावीनंतर रामराम ठोकला, तरी हा सर्जन मला आपल्यातलाच वाटतो. चार्ल्स हगिन्स १९०१ मध्ये कॅनडातल्या हॅलिफॅक्सला जन्मले आणि १९२७ पासून शिकागो विद्यापीठात रमले. कुत्र्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा स्राव ते चक्क मोजत बसायचे! ग्रंथी टेस्टोस्टेरॉनवर चालते, मग तेच तोडलं तर? १९४१ मध्ये त्यांनी दाखवलं, की वृषणं काढली किंवा इस्ट्रोजेन दिलं की पसरलेला कॅन्सरही मागे हटतो. १९६६ ला नोबेल मिळालं.

पण ऑपरेशन म्हणजे वायरच कापणं, हॉर्मोन परत येत नाही. १९८० च्या दशकातली इंजेक्शनं पिट्युटरीचा हुकूम थांबवतात. ती बंद केली की टेस्टोस्टेरॉन बहुधा परततं, पण महिने लागतात. म्हाताऱ्या पेशंटमध्ये कधी पुरतं परततच नाही. हगिन्सनी ही इंजेक्शनं पाहिली. ते १९९७ मध्ये वारले.