भाऊ दाजींची पुंजी

तारकर्लीहून किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेस निघाले, की वेंगुर्ले व शिरोडे मागे पडते आणि तेरेखोलच्या खाडीपलीकडे पेडणे महालातील मांद्रे हे गाव लागते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचा जन्म येथला. बालवयातच मुंबईस आलेल्या या गरीब घरच्या मुलाने एल्फिन्स्टनमध्ये अध्ययन केले व १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला.

वैद्यकीत त्यांना यश व पैसा दोन्ही लाभले. बंधू नारायण दाजी यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. कुष्ठरोगावर वनस्पतिज तेलाचे उपचार केले. उरलेला वेळ नाणी, शिलालेख व हस्तलिखिते यांच्या संग्रहात आणि अभ्यासात जाई. असा ठेवा सर्वांना खुला असावा, म्हणून मुंबईत सार्वजनिक वस्तुसंग्रहालय उभारणाऱ्या समितीचे ते जॉर्ज बर्डवूड यांच्यासमवेत चिटणीस झाले. नागरिकांच्या वर्गणीवर १८६२ मध्ये कोनशिला बसली.

त्याच सुमारास अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले आणि तो पैसा बॅकबे भरणीसारख्या कंपन्यांच्या शेअरसट्ट्यात ओतला गेला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. भाऊ दाजींची आयुष्याची कमाई त्यात बुडाली. संग्रहालयाचे कामही अडले. पुढे सरकारने खर्च उचलला, तेव्हा कोठे १८७२ मध्ये त्याची दारे उघडली. भाऊ दाजींनी मात्र विपन्नावस्थेतही रुग्णसेवा व संशोधन सोडले नाही. १८६९ आणि १८७१ मध्ये ते मुंबईचे शेरीफ होते. ३१ मे १८७४ रोजी ते निवर्तले. संग्रहालयास त्यांचे नाव मिळावयास १९७५ साल उजाडले.

त्यांच्या औदार्याचा गौरव करून थांबणे सोयीचे आहे. परंतु दान दात्याच्या सुस्थितीवर अवलंबून असते आणि ती सुस्थिती बाजाराच्या हाती असते. रुग्णाचे दुखणे किंवा वाळवी लागलेली पोथी मात्र तेजीची वाट पाहत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर आज पर्यटनाची तेजी आहे. तिच्यातील निश्चित वाटा गावोगावचे दवाखाने, ग्रंथालये व जुनी दप्तरे यांच्यासाठी कायमची तरतूद म्हणून बाजूस काढावयाचा असेल, तर तो भरतीच्या वेळीच काढला पाहिजे. ओहोटी लागल्यावर काढण्यासारखे काही उरत नाही.