रिचर्ड हॅमिंग: सुट्टीच्या दिवशी अडणाऱ्या मशीनवर चिडलेला गणितज्ञ

कधी ब्राउझर बंद पडतो, कधी एक्सेल, आणि आपण लगेच म्हणतो, हार्ड डिस्क गेली! या संशयाची शहानिशा करताना रिचर्ड हॅमिंग यांची गोष्ट फार उपयोगी पडते.

जन्म १९१५, शिकागो. १९४२ मध्ये गणितात पीएचडी, पुढे लॉस अलामोसला अणुबाँब प्रकल्पाची आकडेमोड आणि १९४६ पासून बेल लॅब्स. तिथला रिलेवर चालणारा कॉम्प्युटर त्यांना शनिवार-रविवारी मिळायचा. चूक झाली की मशीनला ते कळायचं, पण कुठे झाली ते नाही. एरवी ऑपरेटर निस्तरायचे. सुट्टीत कोणी नसायचं, मग मशीन ते काम सोडून सरळ पुढचं घ्यायचं. सोमवारी बघावं तर उत्तरच नाही! लागोपाठ दोन आठवडे हेच झालं आणि हॅमिंग वैतागले. चुकीची जागाही मशीननेच शोधली पाहिजे, असं त्यांनी मनावर घेतलं.

युक्ती साधी आहे. डेटाच्या ४ बिट्सना ३ तपासणी बिट्स जोडायचे. प्रत्येक तपासणी ठरावीक गटावर लक्ष ठेवते. तिघींच्या हो-नाही उत्तरांतून ८ शक्यता निघतात: सातपैकी कोणता बिट उलटला, किंवा सगळं ठीक. सापडलेला बिट परत उलटवला की काम झालं. हा पेपर १९५० मध्ये छापून आला, १९६८ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला. १९९८ मध्ये ते गेले.

आता तुमचा पीसी. डिस्कच्या प्रत्येक सेक्टरसोबत असाच, पण जास्त दणकट कोड असतो. त्यामुळे बिघडणारी डिस्क सहसा चुकीचा डेटा गुपचूप देत नाही. ती अडकते, रीड एरर देते, स्मार्ट रिपोर्टमध्ये पेंडिंग सेक्टर वाढतात. असं दिसलं तर आधी बॅकअप, चेकडिस्क वगैरे नंतर.

रिपोर्ट स्वच्छ आहे आणि दरवेळी वेगळाच प्रोग्रॅम पडतोय? मग रॅम बघा. सर्व्हरच्या रॅममध्ये डेटासोबत तपासणी बिट्स असतात, घरच्या पीसीत बहुधा ही सोय नसते. आणि रॅममध्ये बिघडलेला डेटा डिस्क खरा मानूनच जपून ठेवते, म्हणजे नवी डिस्क टाकूनही फाइल्स खराब होतच राहणार. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. एक जरी एरर आली, तरी एकेक स्टिक काढून पुन्हा टेस्ट करा.