पाचगणीचा फरोख आणि ऑपेराची ती रात्र

१९७५ सालच्या उन्हाळ्यात लंडनमधील ‘क्वीन’ या रॉक बँडची स्थिती मोठी चमत्कारिक झाली होती. बँडची गाणी रेडिओवर वाजत होती, कार्यक्रमांना सभागृहे भरत होती, त्याच वर्षी एप्रिलमध्ये टोकियोच्या विमानतळावर त्यांना पाहण्यासाठी हजारोंची गर्दी लोटली होती. प्रत्यक्षात मात्र चौघेही कलावंत भाड्याच्या लहानशा खोल्यांत राहत होते आणि आठवड्याच्या तुटपुंज्या भत्त्यावर दिवस काढत होते. पुढचा अल्बम चालला नाही, तर बँड मोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. अशा वेळी खर्चाला आवर घालून चार सोपी गाणी करावीत, असा सल्ला कोणीही दिला असता. या चौघांनी नेमके उलटे केले. त्या काळी ब्रिटनमधील सर्वांत महागड्या ध्वनिमुद्रणांपैकी एक ठरलेला अल्बम त्यांनी हाती घेतला. ‘अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा’ हे त्याचे नाव. या धाडसाच्या केंद्रस्थानी होता एकोणतीस वर्षांचा पारशी तरुण. जग त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते. पाचगणीच्या शाळेत तो दाखल झाला, तेव्हा त्याचे नाव होते फरोख बलसारा.

फरोखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर झाला. वडील बोमी बलसारा तेथील ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल होते. घराण्याचे मूळ गुजरातेतील वलसाडचे. आडनावही त्यावरूनच आलेले. आई जेर आणि धाकटी बहीण काश्मिरा असे हे चौकोनी, धर्मनिष्ठ झरथुष्ट्री कुटुंब होते. मुलाला चांगले इंग्रजी शिक्षण मिळावे म्हणून आठव्या वर्षी त्याला बोटीने भारतात पाठवण्यात आले. पाचगणीच्या सेंट पीटर्स या निवासी शाळेत तो दाखल झाला. सुटीत मुंबईतील नातेवाइकांकडे येणे होई. आईवडिलांची भेट मात्र क्वचितच घडे. लाजाळू स्वभावाच्या या मुलाला शाळेने दोन गोष्टी दिल्या. ‘फ्रेडी’ हे हाकेचे नाव ही पहिली आणि पियानोची रीतसर तालीम ही दुसरी. शाळेतल्या पाच मुलांनी मिळून ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला. क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्ड यांची त्या वेळी गाजत असलेली गाणी ही मुले वाजवत. फ्रेडी त्यात पियानोवर असे.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला आणि वर्षभरातच त्या घरावर आकाश कोसळले. जानेवारी १९६४ मध्ये बेटावर क्रांती झाली. सुलतानाची सत्ता उलथली गेली, अरब व भारतीय वंशाचे हजारो लोक मारले गेले. बलसारा कुटुंबाने मिळेल ते सामान उचलून इंग्लंड गाठले आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या फेल्टम येथे बिऱ्हाड थाटले. सतरा वर्षांच्या मुलाने वयाच्या त्या टप्प्यापर्यंत तीन देश पाहिले होते. त्यांपैकी एकही आता पूर्णपणे त्याचा राहिला नव्हता.

ईलिंगच्या कला महाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. मधल्या काळात विमानतळावर सामान हलवण्याचे काम केले, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचे दुकान मांडले. त्या दुकानातला भागीदार ड्रमवादक रॉजर टेलर होता. टेलर आणि गिटारवादक ब्रायन मे यांच्या ‘स्माइल’ या बँडमधला गायक बाहेर पडला, तेव्हा १९७० मध्ये फ्रेडी त्यांना येऊन मिळाला. ‘क्वीन’ हे नाव त्यानेच सुचवले. ‘मर्क्युरी’ हे आडनाव त्याने स्वतःला लावून घेतले ते याच सुमारास. १९७१ मध्ये बास गिटारवादक जॉन डीकन आला आणि चौकडी पूर्ण झाली. चौघांच्या राशींवरून बँडचे मानचिन्हही फ्रेडीनेच रेखाटले. दोन सिंह, एक खेकडा, दोन पऱ्या आणि या सर्वांवर पंख पसरलेला फिनिक्स पक्षी.

‘ट्रायडंट’ या कंपनीशी बँडने केलेला करार पुढे त्यांच्या गळ्याचा फास ठरला. ध्वनिमुद्रण, निर्मिती आणि व्यवस्थापन अशा तिन्ही बाजू एकाच कंपनीच्या हाती होत्या. १९७४ अखेरीस ‘किलर क्वीन’ हे गाणे ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले, तरी कलावंतांच्या हातात काही पडेना. नवविवाहित डीकनला घराच्या अनामत रकमेसाठी उचल हवी होती, तीही नाकारली गेली. अखेर वकिलांमार्फत सुटका झाली. एक लाख पौंडांची रक्कम आणि पुढच्या सहा अल्बमच्या मानधनातील एक टक्का वाटा, ही त्या सुटकेची किंमत होती. एल्टन जॉनचा व्यवस्थापक जॉन रीड याने बँडची सूत्रे हाती घेतली आणि त्यांना एकच सांगितले : पैशाचे आम्ही पाहतो, तुम्ही तुमच्या आयुष्यातला सर्वोत्तम अल्बम करा.

अल्बमचे नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ सालच्या विनोदी चित्रपटावरून घेतले गेले. १९७५ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत वेल्समधील रॉकफील्ड आणि लंडनमधील अनेक स्टुडिओंत हे काम चालले. निर्माता होता रॉय थॉमस बेकर. कामाची विभागणी अशी की एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी वेगवेगळी गाणी आकार घेत. बारा गाण्यांत एक गाणे दुसऱ्यासारखे नव्हते. पहिले गाणे म्हणजे फ्रेडीने जुन्या व्यवस्थापनावर काढलेला राग. ते इतके जहाल होते की कंपनीच्या चालकांनी दावा लावला आणि प्रकरण न्यायालयाबाहेर मिटवावे लागले. नॉर्मन शेफील्ड यांनी २०१३ मध्ये पुस्तक लिहून आपली बाजू मांडली. या वादाला दुसरी बाजू होती, याची नोंद घ्यायला हवी. मे याने अंतराळवीरांच्या कथेवर लोकगीताच्या ढंगाचे गाणे बांधले. डीकनने पत्नीसाठी विद्युत पियानोवर साधे, प्रसन्न गाणे रचले. एका गाण्यात फ्रेडी आणि टेलर यांनी वाद्यांचे आवाज तोंडाने काढले आणि बोटांत शिवणाच्या टोप्या घालून नाचाचा ठेका धरला. सिंथेसायझर मात्र कोठेही वापरला नाही आणि तसे त्यांनी वेष्टनावर अभिमानाने छापले.

या सर्वांवर कळस चढवला तो ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ने. त्याचे तुकडे फ्रेडीच्या डोक्यात कित्येक वर्षे घोळत होते. गाण्याला ध्रुवपद नाही. आरंभी कण्ठस्वरांचा मेळ, मग पियानोवरचे करुण गीत, मध्येच ऑपेराचा गदारोळ, त्यानंतर कर्कश रॉक आणि शेवटी पुन्हा शांतता. बेकरला त्याने आपल्या घरी पियानोवर आरंभ ऐकवला आणि मध्येच थांबून, येथे ऑपेरा येणार, एवढेच सांगितले. बेकरने तरुणपणी डेका कंपनीत ऑपेराच्या ध्वनिमुद्रणांवर काम केलेले असल्याने त्याला ही कल्पना हास्यास्पद वाटली नाही.

त्या काळच्या यंत्रावर चोवीस ध्वनिमार्गच उपलब्ध होते. फ्रेडीला हवा होता शंभर गायकांचा समूह आणि गाणारे होते तिघे. खालच्या पट्टीत मे, मधल्या पट्टीत फ्रेडी, अतिउच्च स्वरांत टेलर. तिघे दिवसाला दहा-बारा तास गात. एक ओळ अनेकदा गाऊन वेगवेगळ्या मार्गांवर मुद्रित करायची, त्या सर्वांचे मिश्रण एका मार्गावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या जागेवर पुन्हा गायचे. एकावर एक असे थर चढत गेले. ऑपेराच्या त्या लहानशा भागाला सुमारे तीन आठवडे लागले. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा चुंबकीय लेप झिजून ती उजेडात आरपार दिसू लागली. आज संगणकावर हे काम चुटकीसरशी होते. तेव्हा एक चूक झाली की आठवड्याची मेहनत पुसली जाण्याची धास्ती असे. संपूर्ण रचनेचा आराखडा मात्र फ्रेडीच्या मनात पक्का होता. आपण गातो आहोत तो तुकडा कोठे बसणार, हे सहकाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसे.

गाणे तयार झाले आणि नवा पेच उभा राहिला. त्याची लांबी पाच मिनिटे पंचावन्न सेकंद भरली. रेडिओवर तीन मिनिटांची गाणी वाजवण्याचा प्रघात होता. गाणे कापावे, असे कंपनीचे म्हणणे पडले. फ्रेडी आणि त्याचे सहकारी हटले नाहीत. त्यांचा निवेदक मित्र केनी एव्हरेट याच्याकडे एक प्रत पोहोचली. त्याने लंडनच्या कॅपिटल रेडिओवर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवले. सोमवारी लोक दुकानांत गाणे मागू लागले आणि ते बाजारात यायचे होते. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी ते पूर्ण लांबीचेच प्रसिद्ध झाले. दूरचित्रवाणीवर मंचावर सादर करणे अवघड म्हणून दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी १० नोव्हेंबरला एल्स्ट्री येथे काही तासांतच त्याची चित्रफीत केली. गाण्याच्या प्रसारासाठी चित्रफीत काढण्याची पुढे जी रीत पडली, तिच्या आरंभीच्या ठळक उदाहरणांत तिची गणना होते.

अल्बम २१ नोव्हेंबरला आला. समीक्षकांत एकमत नव्हते. काहींनी कल्पकतेची वाहवा केली. काहींना त्यात पोकळ दिमाख दिसला. श्रोत्यांनी निकाल दिला. गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. अल्बमनेही पहिले स्थान पटकावले आणि अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. पदरात कर्ज घेऊन स्टुडिओत शिरलेला बँड जगातल्या अग्रगण्य बँडमध्ये जाऊन बसला. १९७७ मध्ये ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण व्यवसायाने मागील पंचवीस वर्षांतील सर्वोत्कृष्ट गाण्याचा मान दोन गाण्यांना विभागून दिला, त्यांत हे एक होते.

पुढचा इतिहास परिचयाचा आहे. १३ जुलै १९८५ रोजी वेम्बली मैदानावर ‘लाइव्ह एड’मधील वीस-एक मिनिटांत त्याने अफाट जनसमुदाय मुठीत ठेवला. १९८८ मध्ये स्पॅनिश गायिका मॉन्सेरात काबाये हिच्याबरोबर ‘बार्सिलोना’ हा अल्बम करून तो खऱ्याखुऱ्या ऑपेराच्या दारात जाऊन उभा राहिला. त्यापूर्वीच, १९८७ मध्ये, एड्सचे निदान झाले होते. शरीर खंगत असताना त्याने गाणे सोडले नाही. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनच्या घरी देह ठेवला. अंत्यविधी झरथुष्ट्री पद्धतीने, पारशी धर्मगुरूंच्या मंत्रोच्चारात झाले. त्या डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला देण्यात आले.

हयातीत त्याने आपल्या भारतीय मुळांची वाच्यता क्वचितच केली. वंशावरून टोमणे सहज मारले जाण्याच्या त्या इंग्लंडमध्ये हे मौन समजण्यासारखे आहे. त्याच्या संगीतात पाचगणीचे धुके वा मुंबईचे सूर शोधण्याचा मोह आपल्याला होतो. तो आवरलेला बरा. त्याने जे रचले ते पाश्चात्त्य परंपरेतून घेऊन रचले. मात्र एक धागा उघड आहे. तीन देशांत वाढलेल्या या माणसाला कोणतीही एक शैली आपले घर वाटली नाही, म्हणून ऑपेरा, लोकगीत, जुने नाट्यसंगीत आणि रॉक यांना एका छपराखाली आणताना त्याला संकोच झाला नाही.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये लंडनच्या सदबीजने त्याच्या वस्तूंचा लिलाव केला. ज्या यामाहा पियानोवर त्याने हे गाणे रचले, तो सतरा लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. गाण्याचा हस्तलिखित मसुदाही विकला गेला. त्यावर आरंभी ‘मंगोलियन ऱ्हॅप्सडी’ असे शीर्षक लिहून मग पहिला शब्द खोडलेला आहे. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांतून एक सेकंदही कमी करू न देणारा हा कलावंत स्वतःच्या लिखाणावर मात्र निर्दयपणे रेघ ओढत असे, हे त्या कागदावरून कळते.