जिमी ब्लँटन : मागच्या रांगेतला बास पुढे आणणारा वादक

डबल बास हे माणसाहूनही उंच वाद्य. तरीही १९३९ पर्यंत जॅझच्या वाद्यवृंदात त्याची जागा मागच्या रांगेतच होती. प्रत्येक मात्रेवर एक भक्कम खर्जाचा स्वर देऊन ताल सांभाळावा, एवढीच बासवादकाकडून अपेक्षा असे. कथा सांगायची ती ट्रम्पेटने, नाहीतर सॅक्सोफोनने. हा शिरस्ता मोडला तो अवघ्या एकवीस वर्षांच्या एका तरुणाने.

जिमी ब्लँटनचा जन्म ५ ऑक्टोबर १९१८ रोजी अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा येथे झाला. आई पियानोवादक, तिचा स्वतःचा वाद्यवृंद होता. जिमी प्रथम व्हायोलिन शिकला आणि महाविद्यालयात असताना बासकडे वळला. पुढे मिसिसिपी नदीवरील प्रवासी बोटींवर आणि सेंट लुईस शहरात तो वाजवू लागला. तिथेच १९३९ च्या उत्तरार्धात ड्यूक एलिंग्टनने त्याला ऐकले आणि लगेच आपल्या चमूत घेतले. वास्तविक चमूत बिली टेलर हा बासवादक आधीपासून होताच. काही काळ दोन बास शेजारी शेजारी वाजले; १९४० च्या आरंभी टेलर बाहेर पडला.

व्हायोलिनचा हात ब्लँटनला बासवर उपयोगी पडला असावा. जाड तारांवर तो पूर्ण सुरावटी रचत असे. सॅक्सोफोनवादकाने श्वास घेत घेत वाक्य गुंफावे तशा. गती वाढली तरी स्वर भरीव आणि नेमका राही. बोटांनी छेडण्याबरोबरच तो गजानेही वाजवत असे, मात्र त्याचे खरे तेज बोटांतच दिसते. ‘जॅक द बेअर’ (१९४०) या रचनेत बास वाद्यवृंदाशी जणू संवादच करतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एलिंग्टनने केवळ पियानो आणि बास यांच्या जुगलबंदीच्या तबकड्या काढल्या. नामांकित वादकांचा ताफा हाताशी असताना सर्वांना बाजूला ठेवून एका नवख्या बासवादकासमोर बसणे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

कार्यक्रम संपल्यावरही ब्लँटन पहाटेपर्यंत इतर वादकांबरोबर वाजवत बसे. शरीर मात्र आतून पोखरले जात होते. १९४१ च्या अखेरीस लॉस एंजेलिसमध्ये क्षयाचे निदान झाले आणि त्याला वाद्यवृंद सोडावा लागला. विश्रांती आणि मोकळी हवा हाच त्या काळचा मुख्य उपचार. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ मध्ये. त्याआधीच, ३० जुलै १९४२ रोजी, कॅलिफोर्नियातील क्षयरुग्णांच्या आरोग्यधामात ब्लँटनचे निधन झाले. वय तेवीस.

एलिंग्टनबरोबरचा त्याचा सहवास जेमतेम दोन वर्षांचा. ऑस्कर पेटिफोर्ड, रे ब्राउन आणि चार्ल्स मिंगस हे पुढचे दिग्गज त्याच्याच तबकड्या ऐकत घडले. त्यांपैकी पेटिफोर्ड १९४५ मध्ये एलिंग्टनच्या वाद्यवृंदात दाखल झाला, तेव्हा बासची जागा मागच्या रांगेत उरली नव्हती.