अहिल्यादेवी : मागे राहणाऱ्याचा धर्म

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा कारभार आणि दानधर्म इंदूरकरांना परिचित आहेच. परंतु त्यांच्या सत्तर वर्षांच्या आयुष्यावर मृत्यूची छाया किती दाट होती, याचा विचार क्वचितच होतो.

चौंडी येथे १७२५ साली जन्मलेल्या अहिल्यादेवी सून म्हणून होळकरांच्या घरात आल्या. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात पती खंडेराव धारातीर्थी पडले. सहगमन करणाऱ्या स्त्रीला पतीसह स्वर्ग लाभतो, ही त्या काळची दृढ श्रद्धा. अहिल्यादेवीही सती जाण्यास सिद्ध झाल्या होत्या. सासरे मल्हारराव यांच्या विनवणीमुळे त्या मागे राहिल्या. सतीबंदीचा कायदा बंगाल इलाख्यात झाला तो त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १८२९ साली.

१७६६ मध्ये मल्हारराव आणि पुढल्याच वर्षी पुत्र मालेराव निवर्तले. राज्याची धुरा अहिल्यादेवींच्या शिरी आली. राज्य श्रीशंकराचे आणि आपण त्याच्या सेवेकरी, या भावनेने त्यांनी महेश्वरहून सुमारे तीन दशके ती वाहिली.

१७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले आणि कन्या मुक्ताबाई सती जाण्यास निघाल्या. माल्कमने नोंदविलेल्या वृत्तान्तानुसार, मातेने परोपरीने विनविले, पण कन्येचा निश्चय ढळला नाही. अहिल्यादेवी चितेपर्यंत सोबत गेल्या आणि पुढे तीन दिवस त्यांनी जवळजवळ काहीच अन्न घेतले नाही. मल्हाररावांच्या विनवणीला जे यश आले, ते त्यांच्या विनवणीला आले नाही. राज्यकर्त्या असूनही रूढीपुढे त्या केवळ एक असहाय माता ठरल्या.

मात्र मागे राहिल्या म्हणून परलोकावरील त्यांची श्रद्धा उणी नव्हती. काशीविश्वनाथाचे मंदिर त्यांनी १७८० मध्ये पुन्हा उभारले. पितरांना पिंड देण्यासाठी लोक जेथे जातात, त्या गयेतील विष्णुपद मंदिराची उभारणी १७८७ मध्ये केली. काशीच्या मणिकर्णिका घाटाचेही काम केले. घाट, विहिरी, धर्मशाळा यांचे पुण्य परलोकी पोहोचते, अशी श्रद्धा; परंतु त्यांतून तहान भागली आणि निवारा मिळाला तो जिवंत वाटसरूला. गेलेल्यांचे ऋण चितेवर न चढताही फेडता येते, हे त्यांच्या जीविताने दाखविले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला. त्यांच्या पुण्यतिथीला इंदुरात पालखी निघते, तेव्हा मागे राहण्याचे त्यांचे धैर्यही आपण स्मरावे.