सोळा वर्षांचा अभ्यासदौरा

शाळेत ह्युएन त्सांग आपल्याला दोन मार्कांपुरता भेटला. हर्षवर्धनाच्या काळात भारतात आलेला चिनी प्रवासी, एवढं लिहिलं की झालं! पण मित्रांनो, हा माणूस मुळात निघाला होता विद्यार्थी म्हणून. आणि विद्यार्थीही कसला, तर महाचिवट!

त्याचा जन्म इ.स. ६०० च्या सुमारास चीनमध्ये लोयांगजवळ झाला. तेराव्या वर्षी तो मठात दाखल झाला. बौद्ध ग्रंथ वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की चिनी भाषांतरं एकमेकांशी जुळत नाहीत. एक गुरू एक अर्थ सांगतो, दुसरा भलताच. अशा वेळी आपण परीक्षेला चालेल तो अर्थ पाठ करून मोकळे होतो. त्याने मात्र ठरवलं, भारतात जाऊन मूळ संस्कृत ग्रंथच वाचायचे.

त्या काळी देशाबाहेर जायला सम्राटाची बंदी होती. इ.स. ६२९ मध्ये हा गुपचूप निघाला. गोबीच्या वाळवंटात पाण्याची पखाल हातातून निसटली. पाच दिवस घशाला थेंब नाही! शेवटी घोड्यानेच पाणी शोधून काढलं. तुर्फानच्या राजाला तो इतका आवडला, की राजा सोडेचना. त्याने अन्नत्याग केला तेव्हा कुठे सुटका झाली. पुढे तिएनशानच्या बर्फात सोबतचे कित्येक जण दगावले.

इ.स. ६३७ च्या सुमारास तो बोधगयेला पोहोचला. विटांचं, चुन्याचा गिलावा केलेलं ते उंच मंदिर त्याने पाहिलं; उंची सुमारे १६० फूट असल्याचं नोंदवलं. पण बोधिवृक्षासमोर लोटांगण घातल्यावर त्याला रडू आवरेना. बुद्धांना ज्ञान झालं तेव्हा आपण कुठल्या जन्मात भटकत होतो, आणि इथे यायला एवढा उशीर का झाला, हे त्याचं दुःख होतं. तिथे अवलोकितेश्वराच्या मूर्ती होत्या. त्या जमिनीत पूर्ण गडप झाल्या की धर्म संपेल, अशी लोकांची समजूत. त्यातली एक तेव्हाच छातीपर्यंत रुतली होती!

अशा वेळी एखादा हात जोडून परत फिरला असता. हा थेट नालंदेला गेला, वृद्ध आचार्य शीलभद्रांचा शिष्य झाला आणि सुमारे पाच वर्षं अभ्यासाला बसला. वय तेव्हा पस्तिशीच्या घरात. नंतर दक्षिणेत फिरताना तो आपल्या महाराष्ट्रातही आला. तेव्हा इथे दुसऱ्या पुलकेशीचं राज्य होतं. इथली माणसं साधी, उपकार न विसरणारी, पण अपमान झाला तर शत्रूला आधी कळवून मगच सूड घेणारी, असं त्याने लिहून ठेवलंय. डोंगरातल्या लेण्यांचं आणि दारातल्या दगडी हत्तींचं त्याने केलेलं वर्णन अजिंठ्याचं असावं, असं अभ्यासक मानतात.

इ.स. ६४५ मध्ये तो परतला, तो वीस घोड्यांवर ६५७ ग्रंथ लादून. वाटेत सिंधू नदी ओलांडताना काही पोथ्या वाहून गेल्या, त्यांच्या नकला त्याने पुन्हा मिळवल्या. ज्या सम्राटाची बंदी मोडून तो पळाला होता, त्यानेच आता मोठं पद देऊ केलं. याने नम्रपणे नकार दिला आणि भाषांतराला बसला. इ.स. ६६४ मध्ये वारला तोवर ७५ ग्रंथांची भाषांतरं झाली होती. त्यांतल्या काहींचे संस्कृत मूळ पुढे हरवले. आज ते त्याच्या चिनी शब्दांतच शिल्लक आहेत.

बाराशे वर्षांनी कनिंगहॅमने बोधगया आणि नालंदा अभ्यासताना ह्युएन त्सांगचंच प्रवासवर्णन हाताशी धरलं. मंदिराची मापंही त्याच्या नोंदीशी ताडून पाहिली. १८८० च्या दशकात मंदिराची दुरुस्ती झाली, २००२ मध्ये ते जागतिक वारसा ठरलं. बोधगयेला उशिरा पोहोचलो म्हणून रडलेल्या माणसाची वही पुढच्यांना अशी कामी आली. तेव्हा कधी बोधगयेची ट्रिप निघाली, तर फोटो काढून झाल्यावर दोन ओळी वहीतही लिहा!